तीन वेढे कमी

खंडेनवमीला लालासाहेबांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानातलं सगळं खाली उतरायचं. पकडी, छिन्न्या, हातोड्या, तार गुंडाळायचे लाकडी फर्मे, वायंडिंगचं हातमशीन, तपासणीचे मीटर, अगदी कळकट सोल्डरिंगची कांडीसुद्धा घासूनपुसून पाटावर बसायची. सगळ्यात शेवटी यायची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा तेलानं काळ्या झालेली. कुठल्या कंपनीच्या कुठल्या पाण्याच्या मोटारीला किती गेजची तार आणि कॉइलला किती वेढे, ते चाळीस वर्षांचं शहाणपण तिच्यात होतं. ती आणायचा मान लालासाहेबांचा. तो दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता, कारण या घरात मागण्यापेक्षा रुसणं सोपं पडायचं.

यंदा झेंडूचे हार झाले, घरून पुरणपोळीचं ताट आलं, फलटणहून लेक दीपमाला वेळेवर आली, आणि लालासाहेब मात्र वही मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले.

"आदी त्या पोरीचं काय ते ठरवा," ते म्हणाले. "मग पूजा."

त्यांची सून रेश्मा निरांजनात वात घालत होती. तिनं वात तशीच हातात धरली. हे आज निघणार हे तिला माहीत होतं, पण पुरण खाऊन झाल्यावर निघेल अशी तिची आशा होती.

स्वप्नालीला दुकानात आणलं होतं तिनंच. म्हसवडकडच्या मेंढपाळांच्या घरातली मुलगी, आयटीआयची इलेक्ट्रिशियन. गेल्या डिसेंबरात रेश्मानं दुकानाची नोंदणी केली, सरकारी पोर्टलवर एक जागा टाकली, आलेल्या अर्जांतून तिला निवडलं आणि वर्षभराचा शिकाऊ उमेदवारीचा करार केला. तेव्हा लालासाहेबांनी "सरकारी पाहुणी" म्हणून तिची टिंगल केली होती, पण अडवलं नव्हतं. आता करार संपायला दोन महिने उरले होते. तो मध्येच मोडला तर वर्षाअखेरच्या परीक्षेला तिला बसता येणार नव्हतं, म्हणजे प्रमाणपत्र गेलं आणि दहा महिने पाण्यात.

कारण घडलं होतं मंगळवारी. उंब्रजचे एक बागायतदार, तीस वर्षांचं गिऱ्हाईक, महिन्यापूर्वी इथंच नवी तार भरून नेलेली मोटार जीपमधून उतरवून दारात ठेवून गेले. जळालेली. पंधरवड्यातली ही तिसरी. रागावले असते तरी चाललं असतं. ते चहा न घेता गेले, आणि लालासाहेबांना ते लागलं.

"मामा, तीन मोटारी जळल्या हे खरं," रेश्मा म्हणाली. "पण कॉइल गुंडाळत्यात हे. ती निस्ती मोटारीच्या खाचांत बसवती."

"हे" म्हणजे तिचा नवरा वीरधवल. तो दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता, जणू काही बोलणं शेजारच्या दुकानात चाललं होतं.

"बसवतानाच तार सोलती," लालासाहेब म्हणाले. "नवशिक्याचा हात. माझ्या हातची मोटार धा-धा वर्सं परत येत न्हवती."

"तवा लाईट बरी असायची, आबा," वीरधवल पुटपुटला. "आता रातच्याला व्होल्टेज किती ऱ्हातंय..."

"तुझं व्होल्टेज बास कर. साऱ्या गावाला एकच लाईट हाय. दुसऱ्यांच्या मोटारी बऱ्या चालत्यात."

दीपमालानं हारातला जास्तीचा दोरा दातानं तोडला. ती लालासाहेबांची मधली. धाकटा तानाजी पलटणीत, उत्तरेला, त्यामुळे सणाला माहेरची बाजू लढवायची जबाबदारी आपली एकटीची असं ती समजायची.

"मी एक बोलू का वैनी? राग नगं मानू. माझा इंद्रजित आयटीआय करून घरात बसलाय. त्याला घ्या म्हणलं तर तू म्हणलीस जागा एकच. आन ती परक्याला."

"ताई, अर्ज कर म्हणलं होतं त्याला. त्यानं केलाच न्हाई."

"मामाच्या दुकानात अर्ज?" दीपमालाला हे खरंच कळेना. "उद्या जेवायला बी अर्ज करायला लावशील."

कोपऱ्यात पान लावत बसलेल्या सासूबाईंना, बनुबाईंना, हसू आलं. नवऱ्याची नजर गेली तसं त्यांनी ते पानात गुंडाळलं.

रेश्माला राग आला की ती आकडे बोलायची. घरात तिचा हा गुण कुणाला आवडत नसे, कारण आकड्यांना उत्तर देता येत नाही. "आवं मामा, ऐका तरी. आपण तिला महिन्याला जे देतो त्यातला पाव हिस्सा सरकार सरळ तिच्या खात्यावर टाकतंय. पीएफचा बोजा न्हाई. ती यायच्या आदी आठवड्याला आठ मोटारी निघत होत्या, आता तेरा निघत्यात. हे विहिरीवर गेले की दुकान बंद ठेवायला लागायचं, ते न्हाई आता. गेल्या वर्षी पगारी माणूस ठेवला होता, तीन महिन्यांत पळाला. त्याला शिकवायला गेलेला वेळ कुणी दिला आपल्याला?"

"मग ही कुठं ऱ्हाणार हाय? शिकंल आन समोरच दुकान टाकंल," लालासाहेब म्हणाले, आणि वहीवर तळहात ठेवला.

खरी गोष्ट तिथं होती. जळालेल्या मोटारींच्या खाली ती पुरलेली होती, आणि लालासाहेबांना स्वतःलाही ती पुरती दिसत नव्हती.

त्यांना आठवत होती सांगली. सतरा-अठराचं वय, उस्तादांचं दुकान, आणि त्या दुकानाचा एकच शिरस्ता: उस्ताद हातमशीनवर बसले की दार निम्मं लोटायचं आणि पोरानं चहा आणायला जायचं. उस्ताद वेढे मनात मोजायचे, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. तीन वर्षं झाडलोट केली, मोटारी वाहिल्या, छिन्नीनं जळकं तांबं तोडलं, पण आकडा एक मिळाला नाही. शेवटी लालासाहेबांनी युक्ती केली. चहाच्या गाड्यावर उभं राहून ते मशीनच्या दांड्याची टकटक ऐकायचे. एक टक, एक वेढा. चहा गार व्हायचा, त्यावरून शिव्या बसायच्या, पण रात्री खोलीवर जाऊन ते आकडा एका चोपडीत उतरवायचे. या लाल वहीच्या पहिल्या अकरा पानांतले आकडे असे रस्त्यावर उभं राहून मिळवलेले होते.

असा चोरून शिकलेला माणूस मोठेपणी दार उघडं टाकील असं वाटेल. झालं उलटं. आपण कसं चोरलं हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी कडेकोट बंदोबस्त केला. नवं हातमशीन आणलं तेव्हा त्यावर वेढे दाखवणारा काटा होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी खोलून फेकला. दार निम्मं लोटायचं, मनात मोजायचं, हे त्यांच्याही दुकानात तसंच चालू राहिलं. गेल्या वर्षी उजव्या हाताला कंप सुटला आणि वही वीरधवलकडे आली, तेव्हा त्यानंही दार लोटलं. बापाचा हात घेता येत नाही, निदान सवय तरी घ्यावी.

"बोलवा तिला," लालासाहेब म्हणाले. "माझ्या तोंडानं सांगतो."

स्वप्नाली मागच्या मोरीशी फर्मे धुवत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. पत्र्याच्या भिंतीआडून ऐकू न यायला काय झालं? हात ओढणीला पुसत ती आत आली आणि लालासाहेबांपुढे उभी राहिली. रडायचं नाही, एवढं तिनं मोरीपाशीच ठरवलं होतं.

"पोरी, तुजं वाईट करायचं मनात न्हाई," ते म्हणाले. तोंडावर बोलायची वेळ आल्यावर त्यांचा आवाज जरा उतरला. "पर दुकानाचं नाव जातंय. ह्या म्हैन्याचं पैसं पुरं घे, आन थांब."

"बरं आबा."

एवढ्यात ती वाकेल असं लालासाहेबांना वाटलं नव्हतं. त्यांची तयारी वादाची होती.

"एकच करा," स्वप्नाली म्हणाली. "रोज काय शिकले त्याची नोंदवही हाय माझी. तिच्यावर दादांची सही लागती. आजपतोरच्या पानांवर सह्या द्या. दुसरं कुठं जागा मिळाली तर दाखवता येईल. दहा महिने बसून खाल्लं न्हाई, एवढं तरी दिसंल."

तिनं पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही काढली. वीरधवलनं खिशाला लावलेलं पेन घाईनं काढलं. तो नेहमी तसाच सही करायचा, पान न बघता, दुसऱ्या हातात फोन धरून. पण पेन कागदाला टेकायच्या आत दीपमालानं नोंदवही ओढली. वाचल्याशिवाय सही करू देणं तिच्या स्वभावात नव्हतं. गावच्या दूध संकलनाचं काम ती बघायची, आणि तिथं आकड्यात बोट घातल्याशिवाय दिवस जात नसे.

"अक्षर बरं हाय," तिनं कबूल केलं. मग ती पानं उलटू लागली. तारीख, मोटार, गेज. त्यापुढे दोन रकाने. "हे काय? वहीतलं वेढं पंचेचाळीस, मोजलेलं वेढं अठ्ठेचाळीस. वहीतलं एकोणचाळीस, मोजलेलं बेचाळीस. अठ्ठावन्न, एकसष्ट..." ती थांबली. मागची चार पानं परत पाहिली. "आगं, जिथं फरक हाय तिथं तिनाचाच!"

"काय मोजलं?" रेश्मानं विचारलं.

"जुनं वायंडिंग काढताना एका कॉइलच्या तारांची टोकं मोजायची, म्हंजे वेढं कळत्यात, मग तोडायचं," स्वप्नाली म्हणाली. "आयटीआयमधी तसंच शिकवलं होतं. दादा छिन्नीनं एकदम तोडत्यात, म्हणून मी आदी मोजून घेत होते. आन दादांनी वहीवरनं गुंडाळून दिलेली कॉइल खाचांत बसवताना मोजायची, ते वहीतलं."

वीरधवलनं पेन खिशाला लावलं आणि तो जवळ आला. "आन?"

"कंपनीतनं आलेली मोटार असली की वहीपेक्षा तीन जास्त निघत्यात. आबांच्या हातची जुनी असली तरी तीन जास्त." ती थांबली. पुढचं वाक्य ज्याच्याबद्दल होतं तोच माणूस पुढे उभा होता. "दादांनी भरून परत आलेल्या असत्यात, त्यात बरोबर वहीइतकंच."

तीन वेढे कमी म्हणजे मोटार चालते, पाणीही ओढते, आणि आतून तापत तापत महिना-दीड महिन्यात जळते. हे त्या दुकानात बनुबाईंनासुद्धा ठाऊक होतं.

"मग सांगितलं का न्हाईस?" रेश्मा जवळजवळ ओरडलीच.

"वैनी, कसं सांगायचं?" आता मात्र स्वप्नालीचा आवाज फुटला. "वही चुकली म्हणू? तिची पूजा करता तुमी. मला वाटलं माझंच मोजायचं चुकतंय, म्हणून परत परत मोजलं. इथं समदं मनात मोजत्यात, इचारायचं कुणाला? आमच्यात असं नसतंय. सकाळी मेंढरं सोडताना बाबा मोठ्यानं मोजत्यात आन माझी आजी पलीकडं उभी ऱ्हाती. बाबा एक जरी चुकलं की आजी तिथंच बाबांच्या नावानं ओरडती, बिरदेवा, माघारी फिर. मनात मोजलं तर चूक ज्याची त्यालाच ऱ्हाती."

सगळ्यांच्या नजरा लालासाहेबांकडे गेल्या. ते वहीकडे बघत होते. मग त्यांनी ती मिटली आणि पुठ्ठ्यावरची न दिसणारी धूळ अंगठ्यानं पुसली.

"वही चुकल्याली न्हाई," ते म्हणाले. "मीच तीन कमी लिवलंत. परत्येक ठिकाणी."

"का?" वीरधवल.

"चोरीला गेली तर? चोरणाऱ्याच्या मोटारी जळाव्यात म्हणून."

वीरधवल खाली बसला. पाटाशेजारी, जमिनीवर, नव्या कपड्यांसकट. वर्षभराचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं: मागच्या पत्र्याखाली लपवून ठेवलेल्या परत आलेल्या मोटारी, घरच्यांना न सांगता स्वतःच्या खिशातून घातलेली तार, वायरमनला फोन करून दिलेल्या शिव्या. आणि रोज मनात येणारी एकच गोष्ट, की आपल्या हातात बापाची कला नाही. ती त्यानं रेश्मालाही सांगितली नव्हती.

"मी तुमचा चोर व्हय आबा?"

"तसं न्हवं रं..."

"मग सांगायचं न्हाई?"

"तू इचारायचं व्हतंस! वही हातात देताना मी म्हणलं, काय इचारायचं हाय का? तू म्हणलास, न्हाई."

"मला काय ठाव, वहीला कुलूप हाय आन किल्ली तुमच्यापाशी!"

"बास," बनुबाई म्हणाल्या. त्यांनी पान बाजूला ठेवलं होतं. "दोगं बी सारखंच. एक सांगत न्हाई, एक इचारत न्हाई, आन घालवायची ती पोरगी." मग नवऱ्याकडे वळून, "आन तीनच का? एक का न्हाई, धा का न्हाई?"

"इसरू नये म्हणून," लालासाहेब हळूच म्हणाले. "तानाजी झाल्यावर जुन्या चोपडीतनं ही वही उतरवली. तीन लेकरं. वीरधवल, दीपा, तानाजी."

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आल्याचा तिला रागही आला. "म्हंजे आमी तिघं बी इतकी वर्सं त्या वहीत व्हतो," ती म्हणाली, "आन आमालाच पत्ता न्हाई."

वीरधवलच्या तोंडून मात्र एकदम हसू फुटलं. वर्षभर छातीवर ठेवलेलं वजन कुणी उचललं तर माणूस आधी हसतोच. "माझा हात बरा हाय म्हंजे," तो रेश्माला म्हणाला. "बघ की, जसं लिहिलंय तसंच भरत होतो. एक वेढा चुकला न्हाई."

"व्हय, लय बरोबर जाळल्या तुमी," रेश्मा म्हणाली, आणि मग तीही हसली.

लालासाहेब हसले नाहीत. ते स्वप्नालीकडे बघत होते. "ही गोष्ट कुणालाच घावली नस्ती," ते म्हणाले. "मी गेलो अस्तो आन दुकान जळत ऱ्हायलं अस्तं." मग विचारलं, "रेश्मा, त्या करारात शिकवणाऱ्याचं नाव घालायला जागा असती न्हवं? तिथं काय लिवलंयस?"

"ह्यांचं."

"पुढच्याला माझं घाल. कागुद निघंल तवा माझ्याकडं आण, सही करतो. हात हालतोय, पर सही व्हती."

"पुढच्याला?" रेश्मानं विचारलं. ऐकलं होतं तिनं, पण पक्कं करून घ्यायचं होतं.

"हिचं दोन म्हैनं झालं की जागा मोकळीच व्हणार न्हवं? आन परीक्षा पास झाली की ही आपल्यात पगारावर. तिला पटलं तर. न्हाई पटलं तर टाकू दे समोर दुकान. निदान त्या दुकानातल्या मोटारी तरी जळायच्या न्हाईत."

"आन नव्याचं पैसं?" दीपमाला म्हणाली. ती आता कुठल्या बाजूला होती ते तिलाही सांगता आलं नसतं, पण आकडा सोडणं तिला जमणारं नव्हतं. "हिला पगार, त्याला बी द्यायचं. सरकार पाव देतंय, उरल्यालं?"

यावर बनुबाईंनी कमरेची किल्ली चाचपली. या घरात एक जुना रिवाज होता: गिऱ्हाइकानं न नेलेल्या जळक्या तांब्याचे पैसे घरच्या बाईचे. त्या पैशांतून दीपमालाच्या लग्नातली पाटली झाली होती, तानाजीची शाळा झाली होती. आता काही होत नव्हतं, डबा नुसता भरत होता.

"तांब्याचं माझ्याकडनं," त्या म्हणाल्या. "जळकं तांबं काढायला तरी कोण असतंय? ही पोरंच की. त्यांच्याच हातचं त्यांना."

"मग मी सांगते इंद्रजितला," दीपमाला म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी ती घाईनं पुढं बोलली, "अर्ज करायला! पोर्टलवर! निवडलं तर निवडा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आन रेश्मा, त्याला भाचा म्हणून सूट नगं देऊस."

"देणार न्हाई ताई," रेश्मा म्हणाली, आणि हे तिनं इतकं मनापासून म्हटलं की दीपमालाला थोडं वाईटही वाटलं.

निरांजन लावायला रेश्मा वाकली तेवढ्यात लालासाहेबांनी हात वर केला.

"थांब. पूजा झाली की उद्यापतोर हत्याराला हात लावता येत न्हाई. अजून झाल्याली न्हाई." ते उठले. "उंब्रजची मोटार आणा पुढं. दसऱ्याला सोनं द्यायला जाताना तीच घिऊन जाऊ. चहा घेतल्याशिवाय मी बी उठणार न्हाई त्यांच्यातनं."

पाटावरचं हातमशीन हारासकट खाली आलं. वीरधवलनं फर्मा चढवला, तार लावली. लालासाहेब सवयीनं मशीनपुढे बसले, दांडा धरला, दोनदा फिरवला. हात थरथरला आणि तार फर्म्यावरून घसरली. त्यांनी दांडा सोडला, सरकून जागा केली, आणि स्वप्नालीला बोटानं खूण केली.

ती बसली. वीरधवलनं लाल वही आपल्या मांडीवर घेतली आणि पेन उघडलं. बनुबाई उठल्या, दाराशी गेल्या आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी ते निम्मं लोटलं.

"असू द्या उघडं," लालासाहेब म्हणाले.

बनुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दार भिंतीपर्यंत मागे सारून त्याला पायरीजवळची वीट लावली.

"फिरीव पोरी."

दांडा फिरला. टक.

"एक," लालासाहेब म्हणाले. आवाज घोगरा निघाला. मोजताना तोंड उघडायची सवयच नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "दोन. तीन. चार."

दहापर्यंत आवाज मोकळा झाला. विसाच्या पुढे वीरधवलही ओठांतल्या ओठांत म्हणू लागला. तिसाच्या पुढे लालासाहेब एक आकडा गाळून गेले, आणि स्वप्नालीनं दांडा थांबवून मान न वळवता म्हटलं, "आबा, माघारी." ते माघारी आले. पंचेचाळीसला वहीतला आकडा संपला, तेव्हा ते किंचित थांबले, मुलाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि पुढचे तीन जरा जास्तच मोठ्यानं मोजले.

"अठ्ठेचाळीस!"

वीरधवलनं पंचेचाळीसवर रेघ मारून आकडा लिहिला. समोर चहाच्या गाड्यावर कप हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी वळून दुकानाकडे पाहिलं. रस्त्यापलीकडेही आकडा स्वच्छ ऐकू गेला होता.